पाचवा अध्याय, सहावा अध्याय

‘बाटग्याची बांग मोठी’ ही म्हण आमच्या घरात सर्रास वापरली जायची, आणि वापरणारे आम्हीच. एखाद्या काकाने प्रार्थनेत नको इतका आवाज चढवला, कुणी स्कूटरच्या पुढच्या काचेवर वीतभर क्रूस चिकटवून आणला, की आजोबा चष्म्यावरून बघायचे आणि पुटपुटायचे, ‘बाटग्याची बांग मोठी.’ आजीला ते अजिबात खपायचं नाही. ‘मास्तर, लोकांनी मारलेला दगड तुम्ही खिशात घालून हिंडता,’ ती म्हणायची. दगड खरोखरच लोकांनी मारलेला होता. नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावी आजोबांच्या लहानपणी ही म्हण त्यांच्या वडिलांना उद्देशून भर पारावर म्हटली जायची.

हे पणजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळातले. आईबाप गेलेलं पोर, नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाला आलं, तिथे जगलं, सुतारकाम शिकलं आणि ख्रिस्ती झालं. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर आणि पुन्हा या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात अशी शेकडो कुटुंबं ख्रिस्ती झाली, बहुतेक महार आणि मांग. म्हणून आम्हाला ‘पोटासाठी धर्म सोडलेले’ म्हणतात. लहानपणी हे ऐकून कान गरम व्हायचे. आता वाटतं, पोटासाठी म्हटलं तर त्यात लाजायचं काय? गावात धान्याची पेवं होती, विहिरीही होत्या, आणि त्या पोराला दोन्ही बंद होती. ज्याने जात न विचारता भाकरी दिली त्याच्या देवाविषयी त्याला कुतूहल वाटलं, यात मला तरी काही आडवळणाचं दिसत नाही. मिशनरी मंडळी माणसांच्या आत्म्यांचा हिशेब वार्षिक अहवालात मांडायची, हेही खरंच आहे. पण पोराने अहवाल वाचला नव्हता. त्याने भाकरी खाल्ली होती.

तर प्रश्न असा की, शेजाऱ्यापाजाऱ्यांत ख्रिस्ती म्हणून राहायचं ते कसं? आजी-आजोबांचं यावर उभ्या आयुष्यात एकमत झालं नाही. दोघंही डोंगरावरच्या प्रवचनाचाच आधार घ्यायची. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की दिवा लावून झाकून ठेवू नका, तुमची चांगली कामं लोकांना दिसू द्या. सहावा अध्याय उघडला की तोच येशू सांगतो, दान केलंत तर डाव्या हातालाही कळू देऊ नका, प्रार्थना करायची तर खोलीचं दार लावून करा. आजी पाचव्याची, आजोबा सहाव्याचे. एका पानाचं अंतर, पण रविवारच्या जेवणानंतर ते ओलांडताना दोघांना संध्याकाळ व्हायची.

आजी मिरजेत तयार झालेली नर्स. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात ती शिकली आणि लग्न होऊन नगरकडे आली. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. तो काळ १९४० च्या आसपासचा. गावात ती ‘नर्सबाई’, पण जात कुणी विसरलं नव्हतं. दवाखाना मैलोन् मैल दूर. एका रात्री पाटलांच्या वाड्यावरून कंदील घेऊन गडी आला. सून अडली होती, गावातल्या सुईणीने हात टेकले होते. आजी निघाली. वाड्यात शिरताना तिला पुढच्या दाराने घेतलं नाही, गोठ्यातून नेलं. बाळंतिणीच्या खोलीत मात्र तिच्याशिवाय कुणी पुढे होईना. तिने गरम पाणी मागवलं, ते वरून ओतून दिलं गेलं, भांड्याला तिचा हात लागू नये म्हणून. हात कोपरापर्यंत धुतले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात प्रार्थना केली. म्हातारी पाटलीणबाई दारातून म्हणाली, ‘तुझ्या देवाचं नाव हळू घे.’ आजी म्हणाली, ‘हळू घेतलं तर मलाच ऐकू येत नाही, हात कापतात.’

पहाटे मुलगा झाला. आजी गोठ्यातून बाहेर पडली तेव्हा तिच्या मागोमाग गोमूत्र शिंपडत एक बाई येत होती, जिथे जिथे तिचं पाऊल पडलं तिथे तिथे. उंबऱ्यापासून बाळंतिणीच्या खाटेपर्यंत. हे सांगताना आजीचा आवाज कधी भिजला नाही. ती हसायचीही नाही. ‘चांगलं वागायचं म्हणजे राग यायचा नाही असं कुठे लिहिलंय?’ ती विचारायची. ‘मी घरापर्यंत येशूशी भांडत आले.’ त्या वाड्यावर तिला पुढे अनेकदा बोलावणं आलं. पुढे पुढे तिच्यासाठी चहा होऊ लागला, तोही कान तुटलेल्या कपात. तो कप गोठ्याच्या वळचणीला उपडा घातलेला असायचा, चहा झाला की तिनेच विसळून तिथे ठेवायचा. मग एका वर्षी, कुणी काही न बोलता, वाड्यातल्या बशीसकट चहा आला. कोणत्या वर्षी, ते आजी कधी एक सांगायची, कधी दुसरं. पाटलीणबाईंनी कपाबद्दल चकार शब्द काढला नाही आणि आजीनेही विचारलं नाही.

आजोबांचं म्हणणं, ‘ती बशी तुझ्या हाताला आली, तुझ्या प्रार्थनेला नाही.’ आजीचं म्हणणं, ‘हाताला बळ कुठून आलं ते त्यांना कळायला नको?’

आजीचा हुकमी एक्का होत्या पंडिता रमाबाई. १८८९ साली रमाबाईंनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, आधी मुंबईला आणि मग पुण्याला. धर्म शिकवायचा नाही, असं ठरलं होतं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत प्रार्थनेला बसायच्या आणि दार लावायच्या नाहीत. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली पुण्याच्या वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि रानडे-भांडारकरांसारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली. रमाबाईंनी तरीही दार लावायचं नाकारलं. पुढे केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं आणि दुष्काळाच्या वर्षांत तिथे सुमारे दोन हजार बायकामुली जगल्या. ‘दार लावलं असतं तर?’ आजी विचारायची. आजोबा शांतपणे म्हणायचे, ‘तर रानडे राहिले असते.’ आणि मग पुटपुटायचे, ‘शिवाय सहाव्या अध्यायात दार लावायलाच सांगितलंय.’ मला दोघांचंही पटतं, हे त्या वेळी सांगायची सोय नव्हती. दोघं मिळून माझ्यावर घसरली असती. आज मात्र वाटतं, ज्यांच्या मुली त्या घरात होत्या, त्या आईबापांची धास्ती खोटी नव्हती आणि रमाबाईंचा हट्टही खोटा नव्हता. आपल्याच खोलीत बसून आपल्याच देवाला हाक मारायला कुणाची परवानगी घ्यायची? आणि अठरा वर्षांच्या निराधार मुलीसाठी, आश्रय देणाऱ्या बाईचं उघडं दार नुसतं दार असतं का?

आजोबांचा एक्का रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. टिळकांच्या नगरच्या घरी बालकवी राहायला होते. त्र्यंबक बापूजी ठोमरे, विशीतलं पोर, कवितेने झपाटलेलं आणि संसाराने गांजलेलं. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखं वागवलं, रागावल्या, खाऊ घातलं. एवढा मोठा धर्मोपदेशक आणि त्याच्याच घरात राहणारा हा कवी अखेरपर्यंत हिंदूच राहिला. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली त्याचा अंत झाला. ‘टिळकांनी त्याला ख्रिस्ती केला नाही, कवी राहू दिला,’ आजोबा अभिमानाने सांगायचे. शेवटी शेवटी टिळकांनी मिशनचा पगारही सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघंही चालत होते. यावर आजीचं उत्तर ठरलेलं होतं. ‘टिळक फुलांमागे आणि कवितांमागे धावत होते, घर लक्ष्मीबाई सांभाळत होत्या. उदाहरण द्यायचं तर त्यांचं द्या.’ लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ तिने इतक्या वेळा वाचलं होतं की मुखपृष्ठ गळून गेलं होतं. नवऱ्याने धर्म बदलल्यावर पाच वर्षं सोवळंओवळं आणि मन यांच्याशी झगडून स्वतःच्या पायांनी ख्रिस्ताकडे आलेली, आणि पुढे प्लेगच्या दिवसांत रोग्यांच्या उशाशी बसलेली ही बाई आजीला सख्खी वाटायची. मिरजेच्या नर्सला प्लेगचा वॉर्ड म्हणजे काय ते सांगावं लागत नव्हतं.

नगरच्या आमच्या म्हाताऱ्यांना आणखी एका गोष्टीचा फार अभिमान. मिस सिंथिया फरार यांच्या नगरच्या मुलींच्या शाळेने जोतिराव फुल्यांना वाट दाखवली, सावित्रीबाई त्यांच्याकडे शिकवण्याचं शिक्षण घेऊन आल्या. यात मिस फरारची थोरवी आहेच, पण मला भावतं ते हे की फुले पतिपत्नी ख्रिस्ती झाले नाहीत. चांगलं उदाहरण शेजाऱ्याने उचललं आणि आपल्या पद्धतीने आपल्या घरी नेलं. पुढे १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. मिशनच्या कोणत्याही अहवालात हा आत्मा जमेला धरता आला नसता.

गावात पुढे जे घडलं ते कोर्टकचेरीच्या भाषेत सांगावं लागतं, म्हणून थोडक्यात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंना राहिल्या. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर. आजोबांचे चुलतभाऊ १९५६ नंतर बौद्ध झाले. एकाच कुळाची दोन घरं. गोमूत्र दोघांच्याही पावलांवर शिंपडलेलं. त्यातल्या एका घराला सवलत, एकाला नाही. यावरून भावकीत बोलणी झाली, रुसवे झाले. पण १४ एप्रिलला निळी टोपी घालून आमच्याकडे जेवायला येणारे काका नाताळात करंज्या न्यायला चुकत नाहीत, आणि त्यांच्या घरच्या करंज्या जास्त खुसखुशीत असतात हे आई खासगीत मान्य करते.

वडील १९७० च्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत लागले. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना मार्च १९७० ची, आणि आमची मंडळी ज्यात गेली ते चर्च ऑफ नॉर्थ इंडिया त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नागपूरला स्थापन झालं. एकीकडे कागदावरचं शहर आणि दुसरीकडे कागदावरची एकी, आजोबा म्हणायचे, बघू आधी कोण उभं राहतं. वाशीला खाडीपूल १९७३ साली झाला होता, रेल्वे यायला मात्र १९९२ साल उजाडलं. मराठी उपासनेसाठी भायखळ्याला जायचं म्हणजे बसचे धक्के खात अर्धा दिवस मोडायचा. म्हणून रविवारी आळीपाळीने कुणाच्या तरी घरात सतरंजी अंथरून उपासना व्हायची. पेटी, टाळ आणि ‘उपासना संगीत’ची फाटकी प्रत. टिळकांची भजनं शेजाऱ्यांना वारकरी वाटायची. ‘तुमचा विठोबा कुठला?’ असं एकाने विचारलंही होतं.

सिडकोचं घर मिळेपर्यंत आम्ही कोपरखैरणे गावात एका आगरी काकींच्या चाळीत भाड्याने राहत होतो. काकींची भातशेती आणि मिठागरातला वाटा संपादनात गेला होता. आम्ही म्हणजे त्यांच्या जमिनीवर उठलेल्या शहराचे पहिले फायदेकरी. तरी पहिल्या दिवशी त्यांनी पाण्याचा हंडा आणून दिला आणि आजीला विचारलं, ‘मावरा खाता ना?’ जात, धर्म नंतर. उत्तम शुक्रवारी आजोबा उपास करतात आणि तीनपर्यंत बोलत नाहीत, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं. पुढच्या वर्षी त्या दिवशी त्यांनी अंगणात सुकट वाळत घातलं नाही, वास नको म्हणून. त्यांच्या एकवीरेच्या यात्रेला आजोबा बसथांब्यापर्यंत पिशव्या उचलून जायचे. देवीला हात जोडायचे नाहीत, प्रसादाचा नारळ मात्र दोन्ही हातांनी घ्यायचे. मंडळीतल्या एका कडक गृहस्थांनी यावरून त्यांना छेडलं. आजोबा म्हणाले, ‘नारळ काकींनी दिलाय.’ विषय तिथेच संपला.

जानेवारी १९८४. संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी उरण-पनवेलचे शेतकरी दि. बा. पाटलांच्या मागे रस्त्यावर उतरले होते, जासईला. काकींचा धाकटा मुलगा एका ट्रकमधून तिकडे गेला होता. संध्याकाळी गोळीबार झाल्याची बातमी आली. त्या दोन दिवसांत पाच जण मेले. मुलगा परतला नव्हता, फोन कुणाकडेच नव्हते. काकी ओटीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, रडत नव्हत्या, रस्त्याकडे बघत होत्या. आजोबांना दम्याचा त्रास होता, थंडी होती. ते मफलर गुंडाळून ओटीच्या पायरीवर जाऊन बसले. आजी चहा घेऊन गेली, तिने काकींच्या डोक्यावर हात ठेवला आणि आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात मुलाचं नाव घेऊन प्रार्थना केली. आजोबा एक शब्द बोलले नाहीत, खोकत राहिले. मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी चालत आला, चप्पल हरवलेली, बाकी धड.

आजी मरेपर्यंत सांगायची की, प्रार्थना ऐकली गेली आणि काकींनाही ते माहीत होतं. काकी मात्र सगळ्यांना सांगायच्या, ‘रातभर मास्तर पायरीवं बसलेले, खोकत. घरान गेले नाय.’ प्रार्थनेचा उल्लेख त्यांच्या गोष्टीत कधी आला नाही. म्हणून आजोबा जिंकले असं मी म्हणणार नाही. आजोबा गेले तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला तोच मुलगा पुढे आला, आणि ख्रिस्ती लोक काय म्हणतात ते माहीत नसल्याने त्याने आजीच्या आवाजातली ती प्रार्थना, जेवढी लक्षात होती तेवढी, पुटपुटली. आईने ऐकली. काकींना विचारायला मात्र कुणी गेलं नाही.

आदर्श म्हणून वावरण्यात एक वैतागही आहे, तो सांगायला हवा. हिंदी सिनेमाने आम्हाला रॉबर्ट आणि मायकल केलं, हातात बाटली दिली. नेरूळला राहायला आलो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या छोट्या मुलाने आजोबांना सरळ विचारलं, ‘आजोबा, तुम्ही रोज दारू पिता का?’ ज्यांनी उभ्या जन्मात चहापलीकडे काही घेतलं नाही, ते आजोबा हसून हसून लाल झाले. पण आमच्यातला एक खरंच प्यायला, तर सगळे ख्रिस्ती पितात. बाकीच्यांच्यात कुणी प्यायला, तर तो एकटाच पितो. म्हणून आम्ही सोसायटीचं देणं वेळेवर भरायचं, जिन्यात मोठ्याने बोलायचं नाही, मुलांनी वर्गात पहिलं यायचं. यातला धर्म किती आणि धास्ती किती, याचा हिशेब मला आजवर जमलेला नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८० च्या दशकाअखेर हरित वसईसाठी उभे राहिले, तेव्हा वाचवायची शेतं, विहिरी सगळ्याच धर्मांच्या होत्या. तरी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा ‘पाद्री कशाला?’ असं विचारणारे निघालेच. इतकी वर्षं मराठीत लिहून, मराठीत भांडूनही!

त्याच वर्षी टाळेबंदी लागली. आमच्या इमारतीत घरटी कुणी ना कुणी अडकलेलं, काही जण वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रातल्या कोविड सेंटरमध्ये. मे महिन्यात वाशीचा घाऊक बाजारही काही दिवस बंद होता, तेव्हा आमच्याकडे होता तो फक्त गोणीभर कांदा. आई पिठलं, भात आणि कांद्याची भाजी करून बंद दारांबाहेर डबे ठेवायला लागली. समोरच्या जैन कुटुंबासाठी कांदा-लसणाशिवाय वेगळी कढई. गणपतीवाले, बौद्ध काकांचा मुलगा, सगळे शिधा आणून देत होते. पुतणी तेव्हा कॉलेजात होती, चर्चच्या तरुण संघाची चिटणीस. तिने डब्यांवर लावायला चिठ्ठ्या छापून आणल्या, संघाचं नाव आणि एक वचन. वचन पाचव्या अध्यायातलं. आईने चिठ्ठ्या काढून फ्रिजवर ठेवल्या.

‘अगं, आजारी माणसाला जेवणाआधी आपलं नाव वाचायला लावायचं?’

‘लोक म्हणतात ख्रिस्ती काही करत नाहीत, नुसतं धर्मांतर करतात. निदान कळू तरी दे की.’

‘शिधा सगळ्यांचा आहे. त्यात जैनांचे तांदूळ आहेत, काकांचं बेसन आहे. त्यांची नावं कुठे छापलीस?’

यावर पुतणी जरा गप्प झाली, पण ती तिच्या पणजीवर गेली आहे. डबे बांधत बांधत म्हणाली, ‘आणि आजी, तू नाव लावत नाहीस म्हणून सगळी सोसायटी म्हणतेय, बाई किती साधी, किती मोठ्या मनाची. हीसुद्धा जाहिरातच झाली की!’

आईकडे याला उत्तर नव्हतं. तिने पुतणीच्या हातात सुरी दिली आणि दुसऱ्या दिवशीचे कांदे चिरायला बसवलं.